ऐकू न येणाऱ्या मदतनीसाला आवाज कसा सांगायचा?

“एआयने म्हणे सगळं इंटरनेट वाचलंय. मग त्याच्यासाठी आणखी माहिती लिहून ठेवायची कशाला?” संगणकाशी रोजचा संबंध असलेली माणसंही हे विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधायला मी गेममधल्या आवाजाचं काम निवडलं आहे. आवाज चांगला झाला की नाही, हे आपण कानाने ठरवतो. एआय मदतनीस मात्र बहुतेक वेळा हे काम नुसता मजकूर वाचून आणि मजकूर लिहून करतो. कानाला जे सहज कळतं ते त्याला शब्दांत आणि आकड्यांत सांगावं लागतं, आणि तेच या प्रकरणात शिकायचं आहे.

१. बोलणारा आणि करणारा

चॅटबॉटला विचारलं की तो उत्तर देतो. एजंट त्यापुढे जातो. तो फाइल उघडतो, आज्ञा चालवतो, काय झालं ते वाचतो आणि पुढचं पाऊल स्वतः ठरवतो. ज्या सॉफ्टवेअरच्या मदतीने तो हे करतो, त्याला आपण अवजार म्हणू.

एजंट आणि अवजार यांची गाठ घालण्याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही त्यांतली एक. तिच्यात प्रत्येक अवजार आपलं नाव, आपल्याला काय काय पुरवावं लागतं त्याची यादी आणि आपण काय करतो याचं वर्णन एजंटपुढे ठेवतं. कोणतं अवजार कधी उचलायचं, हे एजंट मुख्यतः त्या वर्णनावरून ठरवतो.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. एजंटने पुष्कळ वाचलेलं असतं हे खरं. पण त्यात एकाच सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची माहिती एकत्र मिसळलेली असते. तुमच्या प्रकल्पात कोणत्या आवाजाला काय नाव दिलंय, कोणती फाइल पक्की आणि कोणती कच्ची, हे तर त्याने कधीच पाहिलेलं नसतं. माहिती कमी पडली की तो थांबेलच असं नाही. बऱ्याचदा तो अंदाज बांधतो आणि तो अंदाज पूर्ण आत्मविश्वासाने अंमलात आणतो. आवाजाच्या कामात चुकलेला अंदाज डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो फार उशिरा सापडतो.

२. नाणेघाटात पाऊस पाडायचा आहे

समजा, जुन्नरमधल्या काही तरुणांनी नाणेघाटावर गेम करायला घेतला. खेळणारा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर मुरबाडच्या बाजूने, वैशाखऱ्याकडून घाट चढतो आणि वर घाटघरच्या पठारावर येतो. वाटेत सातवाहनकाळची लेणी लागतात, तिथला ब्राह्मी लेख लागतो, माथ्यावर दगडी रांजण दिसतो. ऐकायला काय काय? खडकावर पडणारी पावलं, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, खिंडीतला वारा आणि पाऊस.

पावसाची एक ध्वनिफीत लावून दिली की झालं, असं वाटेल. सिनेमात ते चालतं, कारण कोणत्या क्षणी काय घडणार हे तिथे आधीच ठरलेलं असतं. गेममध्ये खेळणारा लेण्यात शिरेल, मध्येच बाहेर येईल किंवा अर्धा तास एकाच जागी उभा राहील. म्हणून गेम आणि ध्वनिफिती यांच्यामध्ये एक वेगळं सॉफ्टवेअर बसवतात. ऑस्ट्रेलियातल्या फायरलाइट टेक्नॉलॉजीजचं एफमॉड आणि कॅनडातल्या ऑडिओकायनेटिकचं वाइज ही त्यांतली दोन ठळक नावं.

या सॉफ्टवेअरमधल्या तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. पहिली, इव्हेंट. गेमने “घाटातला पाऊस सुरू कर” एवढंच सांगायचं. कोणती फीत, कितीदा, कुठून कुठे, हा सगळा तपशील इव्हेंटच्या पोटात असतो. दुसरी, पॅरामीटर. पावसाचा जोर ० ते १०० असा ठरवला, तर जोर वाढेल तसा थेंबांचा आवाज मागे पडून धारांचा आवाज पुढे येईल, अशी रचना करता येते. वाइजमध्ये याच कल्पनेला आरटीपीसी म्हणतात. तिसरी, बँक. तयार इव्हेंट आणि त्यांना लागणारे आवाज एका गाठोड्यात बांधले जातात. गेम ते गाठोडं उघडतो. प्रकल्पाच्या मूळ फाइलकडे तो बघतही नाही.

बँकेचा हा मुद्दा नवख्याला किरकोळ वाटतो. एजंटला सर्वांत जास्त चकवणारी गोष्ट मात्र हीच. त्याने प्रकल्पात पावसाचा जोर बदलला, सॉफ्टवेअरने “बदल झाला” असं कळवलं, एजंटने काम संपल्याचं सांगितलं. गेम चालवला तर पाऊस जुनाच, कारण बँक नव्याने बांधलीच नाही. एफमॉडमध्ये मास्टर बँकेबरोबर नावांची एक वेगळी बँक असते. ती उघडली नसेल तर इव्हेंट हजर असूनही नावाने सापडत नाही, आणि एजंट बिचारा नसलेली चूक शोधत बसतो. माहितीत दोन वाक्यं लागतात: “बदलानंतर बँक बांधा. गेममध्ये मास्टर बँक आणि नावांची बँक दोन्ही उघडा.” त्या दोन वाक्यांनी अर्धा दिवस वाचतो.

३. येडगावचं दार

सगळे आवाज शेवटी एकत्र होऊन स्पीकरपर्यंत जातात. वाटेत त्यांचे गट करतात: पावलांचा गट, निसर्गाचा, संवादांचा, संगीताचा. अशा गटवाहिनीला बस म्हणतात, आणि सगळ्या बस शेवटी मास्टर बसला मिळतात.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला हे कुकडी प्रकल्पावरून पटकन कळेल. माणिकडोह धरणाचं पाणी कुकडी नदीतून आणि डिंभे धरणाचं पाणी डाव्या कालव्यातून येडगावच्या जलाशयात येतं, आणि तिथून मोठा कालवा पुढे नगर-सोलापूरकडे जातो. डिंभ्याचं दार खाली केलं तर डिंभ्याचा वाटा कमी होईल. येडगावचं दार खाली केलं तर पाणी कुठूनही आलेलं असो, पुढच्या सगळ्यांचंच कमी होईल.

“पावसाचा आवाज थोडा कमी कर” असं सांगितल्यावर एजंटला पावसाच्या इव्हेंटचं दार फिरवायचं आहे. त्याने निसर्गाच्या बसचं दार फिरवलं, तर वारा आणि पक्षीही मंदावतील. मास्टरचं फिरवलं तर माणसांचे संवादही. प्रत्येक आज्ञेच्या माहितीत म्हणूनच लिहायला हवं, की हिचा परिणाम एका आवाजापुरता आहे, गटापुरता आहे, की साऱ्या गेमवर.

४. शून्याचे दोन अर्थ

हा भाग जरा सावकाश वाचावा. या विषयातली सगळ्यात धोकादायक जागा हीच आहे.

आवाजाची पातळी लिहायच्या दोन रीती आहेत. एक साधी पटीची: १ म्हणजे आहे तसा, ०.५ म्हणजे ध्वनिलहरीची उंची निम्मी, ० म्हणजे शांतता. दुसरी डेसिबलची: इथे ० म्हणजे आहे तसा, आणि कमी करायचं तर उणे आकडा. लहरीची उंची दर वेळी निम्मी केली की सुमारे ६ डेसिबल उतरतात. म्हणजे ०.५ पट म्हणजे उणे ६, ०.२५ पट म्हणजे उणे १२, ०.१२५ पट म्हणजे उणे १८. दहावा हिस्सा केला तर उणे २०. आपल्या कानाला मात्र आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो तो साधारण १० डेसिबल उतरल्यावर.

आता शून्याकडे पाहा. एका रीतीत तो पूर्ण शांतता सांगतो, दुसऱ्या रीतीत “हात लावू नका” असं सांगतो. एकक न लिहिता “पातळी: ०” अशी नोंद केली, तर वाचणाऱ्याला दोन्ही अर्थ तितकेच खरे.

उणे आकड्याची गंमत आणखी पुढची आहे. एफमॉड स्टुडिओच्या पडद्यावर पातळीची सरकपट्टी डेसिबलमध्ये दिसते. प्रोग्राम लिहिताना मात्र चॅनेलची पातळी ठरवणारी आज्ञा साध्या पटीत आकडा घेते. तिला उणे आकडाही चालतो. तो दिला तर लहर उलटी होते, आणि १ पेक्षा मोठी पट दिली तर आवाज वाढतो. एजंटला सांगितलं, “घंटा ६ डेसिबलने कमी कर.” त्याने त्या आज्ञेत उणे ६ लिहिलं. परिणाम? लहर उलटी झाली आणि सहापट झाली. सहापट म्हणजे सुमारे १५.६ डेसिबल वाढ. हळू करायला सांगितलेली घंटा फाटून कानात शिरते. आज्ञा मात्र बिनतक्रार चालते, चूक कळवणारा संदेश येत नाही, कारण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाही.

त्या जागी एजंटला काय वाचायला मिळायला हवं होतं? “एकक: साधी पट. डेसिबल नाही. ६ डेसिबल कमी करायचे असतील तर ०.५ द्या. उणे आकडा देऊ नका.” माझ्या मते प्रत्येक आकड्याशेजारी एकक, किमान-कमाल मर्यादा आणि काहीच दिलं नाही तर धरलं जाणारं मूल्य, या तीन गोष्टी नसतील तर ती माहिती अपुरी समजून परत पाठवावी. नाणेघाटच्या लेण्यातल्या सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेची नोंद आहे, आणि तिच्यातले अंक भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांत गणले जातात. तिथेही अंकाबरोबर गायी की कार्षापण नाणी, हे कोरलेलं आहे.

५. किती लांबून ऐकू यावं?

हे थोडक्यात. गेममधल्या जगाचंही एक मोजमाप असतं. अनरियल इंजिनमध्ये १ एकक म्हणजे १ सेंटिमीटर. युनिटीमध्ये १ एकक म्हणजे १ मीटर धरण्याची रूढी आहे. बैलाची घंटा ४० मीटरपर्यंत ऐकू यावी म्हणून कुणी ४० लिहिलं, तर युनिटीत ते बरोबर ठरेल. अनरियलच्या एककांत ती घंटा ४० सेंटिमीटरवर बंद होईल, म्हणजे बैलाच्या मानेला कान लावावा लागेल. मध्ये एफमॉड किंवा वाइज असेल तर हा हिशोब आपोआप बदलून मिळू शकतो, म्हणून कोणत्या पायरीवर कोणतं माप चालतं ते लिहून ठेवावं. आपल्या पुणे जिल्ह्यासाठी हा प्रश्न दूरचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० साली आलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम अनरियलवरच उभा आहे.

६. उसातला बिबट्या आणि फितींचा ढीग

इथवर अवजाराची माहिती झाली. आता ज्या आवाजांवर ते अवजार चालतं, त्यांची माहिती. बहुतेक ठिकाणी ही लिहिलेलीच नसते, आणि मला सगळ्यात जास्त कळकळ हिची वाटते.

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या राहतो. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. गेममध्ये रात्रीच्या प्रसंगी बिबट्याची हाक हवी आहे. एजंटला फितींच्या साठ्यात “मोठं मांजर ०३” नावाची फाइल सापडते आणि तो ती लावतो. ती निघते सिंहाची गर्जना. बिबट्या तसा गर्जत नाही. त्याची हाक खरखरीत, लाकडावर करवत पुढे-मागे चालावी तशी, तुटक आणि लयीत असते. इथल्या शेतकऱ्याला पहिल्या सेकंदाला चूक कळेल आणि गेमवरचा त्याचा विश्वास उडेल. एजंटला कळणार नाही, कारण त्याने फाइलचं नाव वाचलं, आवाज ऐकला नाही.

शेकरूचंही तेच. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली प्रामुख्याने त्याच्यासाठी जाहीर झालं. तो आपला राज्यप्राणी. परदेशी साठ्यातल्या कुठल्याही खारीचा आवाज त्याच्या तोंडी घालून चालणार नाही.

नारायणगावचा प्रसंग असेल तर काम आणखी नाजूक. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांच्या या गावात ढोलकी आणि हलगी यांतला फरक लहान मुलालाही कळतो. हलगीचं कातडं विस्तवावर शेकून ताणतात. शेकण्याआधीची आणि नंतरची हलगी यांचा आवाज वेगळा. ढोलकीच्या एका अंगाचा टणक बोल आणि दुसऱ्या अंगाचा घुमारा वेगळा. एका फाइलला “ड्रम १” आणि दुसरीला “ड्रम २ फायनल” असं नाव देऊन ठेवलं, तर हे सगळं ज्ञान त्या क्षणी पुसलं जातं. फड उभारणाऱ्यांच्या, वाद्यं वाजवणाऱ्यांच्या कानात आणि हातात जे आहे ते लिहून घ्यायला हवं, तेही त्यांच्याच शब्दांत. फाइलबरोबर चार-पाच ओळी पुरतात: वाद्य कोणतं, शेकलेलं की गार, कोणता बोल, उघड्या मैदानात की तंबूत, किती अंतरावरून ध्वनिमुद्रण केलं, आणि वाजवणाऱ्याने कोणत्या वापराला परवानगी दिली आहे. परवानगीची ओळ सोडू नये. एजंट तिच्याशिवाय ती फीत कुठेही वापरेल.

पावसाच्या नोंदीतही जागेचं भान हवं. आंबेगावात पश्चिमेला आहुप्याच्या कड्यावर पावसाळ्यात दिवसेंदिवस झड लागते. त्याच तालुक्याच्या पूर्व भागात पाऊस तोलूनमापून येतो. “पाऊस” या एकाच नावाखाली दोन्ही ठेवले, तर गेममध्ये सगळा तालुका सारखाच भिजेल. माणूस एजंटशी बोलताना “भुरभुर”, “रिपरिप”, “झड”, “मुसळधार” असेच शब्द वापरणार. तेव्हा माहितीत तेही ठरवून टाकावं: भुरभुर म्हणजे जोर १०, रिपरिप ३०, झड ६०, मुसळधार ९०. आकडे वेगळे ठरवले तरी हरकत नाही. गटातल्या सगळ्यांचे एकच असावेत.

७. चांगली नोंद कशी दिसते?

आपल्या पावसाचं उदाहरण घेऊ. कच्ची नोंद अशी असते: “पाऊस सुरू करतो. जोर द्यावा.” सॉफ्टवेअर ज्याने बनवलं त्याला ती पुरेशी वाटते, कारण उरलेलं सगळं त्याच्या डोक्यात असतं. पक्की नोंद अशी:

“घाटातला पाऊस सुरू करतो. हा आवाज थांबवेपर्यंत चालू राहतो. म्हणून प्रसंगाच्या सुरुवातीला एकदाच बोलवा, दर फ्रेमला नाही. जोर बदलायचा असेल तर पुन्हा सुरू करू नका, ‘जोर बदला’ ही आज्ञा वापरा. जोर: ० ते १००, काहीच दिलं नाही तर ३०. लेण्याच्या आत हा वापरू नका, त्यासाठी ‘लेण्यातून ऐकू येणारा पाऊस’ वेगळा आहे. प्रसंग संपला की थांबवा.”

यात “कधी वापरू नये” हे सांगितलं आहे. माणसांसाठीच्या पुस्तिकेत ते सहसा गाळलेलं असतं, कारण माणसाला ते ऐकताच उमगतं. “दर फ्रेमला नाही” या शब्दांचा हिशोबही करून पाहू. गेम सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवत असेल आणि प्रत्येक फ्रेमला पाऊस नव्याने सुरू झाला, तर १० सेकंदांत ६०० पाऊस एकावर एक चढतील, मर्यादा घातलेली नसेल तर.

चूक कळवणारे संदेश हाही माहितीचाच भाग आहे. एजंट तो संदेश वाचूनच पुढचं पाऊल टाकतो. “चूक क्रमांक २३” यातून त्याला काहीच मिळत नाही. “जोर १४० मिळाला. ० ते १०० मधला आकडा द्या” यातून तो स्वतः दुरुस्ती करू शकतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पुस्तिका लिहिण्याआधी हे संदेश सुधारावेत, असं मी आवर्जून सांगेन.

नोंद किती लांब असावी? एका वेळी एजंट जेवढा मजकूर समोर ठेवू शकतो, त्याला मर्यादा आहे, आणि गर्दीत महत्त्वाचं वाक्य हरवतं. म्हणून आधी एक छोटी अनुक्रमणिका आणि लागेल तेवढंच पुढे उघडता येईल अशी वेगवेगळी पानं ठेवतात. संकेतस्थळांसाठी जेरेमी हॉवर्ड यांनी २०२४ साली ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ नावाची अशीच एक साधी अनुक्रमणिका सुचवली.

८. “झालं” हे ठरवायचं कुणी?

वाइजला बाहेरून चालवण्यासाठी वापी नावाची सोय आहे. एफमॉड स्टुडिओत जावास्क्रिप्ट लिहून कामं करून घेता येतात. म्हणजे एजंट शेकडो इव्हेंटची नावं सुधारणं, हरवलेल्या फिती शोधणं, बँका बांधणं ही कंटाळवाणी कामं खरोखर करू शकतो. पण काम नीट झालं हे त्याला कळावं कसं?

काही गोष्टी मोजता येतात. बँकेच्या फाइलची वेळ बदलली का, इव्हेंट नावाने सापडतो का, लहरीचं टोक कमाल मर्यादेला धडकून आवाज फाटतोय का. सबंध प्रसंग ऐकताना किती मोठा वाटेल, याचंही एलयूएफएस नावाचं माप आहे. युरोपातल्या प्रसारणसंस्थांनी ते उणे २३ ठरवलं आहे. प्रसंगाचा आवाज फाइलमध्ये उतरवून हे माप काढणारी आज्ञा एजंटला दिली, की निदान पातळीच्या बाबतीत तो अंदाजावर राहत नाही. माहितीतल्या प्रत्येक कामाखाली “हे तपासा” अशी ओळ हवी, आणि तिथे अपेक्षित आकडा हवा.

काही गोष्टी मोजता येत नाहीत. हाक बिबट्याचीच वाटते का, हलगी शेकलेली वाटते का, घंटांच्या आवाजात तांडा थकलेला जाणवतो का. अशा कामांखाली स्पष्ट लिहावं: “इथे थांबा. फाइल तयार करा आणि ऐकायला माणसाकडे पाठवा.” कुणाकडे, तेही लिहावं. हलगीसाठी ती वाजवणारा, बिबट्यासाठी उसाच्या शेजारी राहणारा. जे बदल मागे घेता येत नाहीत, जसं मूळ ध्वनिमुद्रण पुसणं, त्यांच्यापुढेही हीच ओळ.

आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि नोंद शेवटची तपासल्याची तारीख. नवी आवृत्ती आली की नाणेघाटातला एक छोटा प्रसंग घ्यावा, पाऊस, घंटा आणि पावलं एवढाच, आणि नवा एजंट फक्त ही पानं वाचून तो उभा करू शकतो का ते करून पाहावं. तो जिथे अडला किंवा चुकला, ते पान त्याच दिवशी दुरुस्त करावं.